दार उघडताना कट्ट वाजतंय? आतला पत्रा चिरलाय का बघा

जुन्या गाडीचं दार पूर्ण उघडलं की शेवटी एक कट्ट असा आवाज येतो आणि आपण म्हणतो जाऊदे, जुनी गाडी आहे, वाजणारच. मग काही महिन्यांनी दार आधीपेक्षा जरा जास्तच उघडायला लागतं, आणि एक दिवस वारा सुटलेला असतो, दार हातातून निसटतं आणि थेट पुढच्या फेंडरवर, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावर, जाऊन आदळतं. दार अडवणारा स्टॉपर गेला असेल म्हणून नवीन आणायचा, दाराचं कव्हर खोलायचं, आणि तेव्हा कळतं की स्टॉपर ठणठणीत आहे, तो ज्या पत्र्याला बसलाय तो पत्राच चिरलाय.

तर आज त्या चिरलेल्या पत्र्याबद्दल. तुम्हाला वेल्डिंग येत असो वा नसो, निदान दार दुसऱ्याच्या हातात देताना तो काय करणार आहे ते कळलं पाहिजे, कारण हे काम दिसायला पाच मिनिटांचं आहे आणि म्हणूनच बरेचदा पाच मिनिटांत उरकलं जातं.

आधी दाराची रचना बघू. दार म्हणजे दोन पत्रे. बाहेरचा, रंग मारलेला, जो आपल्याला दिसतो, आणि आतला, ज्याच्यावर काचेची यंत्रणा, कुलूप, स्पीकर वगैरे सगळं बसतं. बाहेरच्या पत्र्याची कड आतल्या पत्र्यावर दुमडून दाबलेली असते. हे पत्रे किती जाड, तर बहुतेक गाड्यांत साधारण ०.७ ते ०.८ मिमी. खिशातलं एटीएम कार्ड काढून बघा, ते ०.७६ मिमीचं असतं, म्हणजे दाराचा पत्रा जवळपास तेवढाच. बिजागरीच्या मागे आणि कुलपाच्या मागे कंपनी जाड पत्र्याचा जोड देते, पण स्टॉपरच्या मागे तो जोड कधी असतो, कधी अगदी जेवढ्यास तेवढा असतो, आणि सगळी गंमत तिथेच होते.

स्टॉपर, म्हणजे चेक स्ट्रॅप, म्हणजे दार आणि बॉडी यांच्यामध्ये बिजागऱ्यांच्या मधोमध दिसणारी ती लोखंडी पट्टी. तिचं एक टोक बॉडीच्या खांबाला पिनने अडकवलेलं असतं, दुसरं टोक दाराच्या पुढच्या कडेला असलेल्या खाचेतून दाराच्या पोटात जातं. दाराच्या आत एक छोटी डबी असते, त्यात रोलर किंवा स्प्रिंग असते, पट्टी त्यातून सरकते आणि दार अर्धं, पाऊण असं टप्प्याटप्प्याने थांबतं. पट्टीच्या शेवटाला एक गुठळी असते, ती डबीला येऊन अडली की दार पूर्ण उघडलं.

आता इथे थोडा हिशोब करा. दाराचं टोक बिजागरीपासून समजा १ मीटरवर आहे आणि स्टॉपर बिजागरीपासून ६-७ सेंटीमीटरवर. म्हणजे टोकाला वाऱ्याने १० किलोचा जोर लावला तर स्टॉपरवर येतो त्याच्या पंधरापट, म्हणजे दीडशे किलो. आणि हा झाला शांतपणे लावलेला जोर, झटका नाही. दार स्वतःच वीस-पंचवीस किलोचं असतं आणि वेगात येऊन एकदम थांबतं तेव्हा काय होत असेल ते तुम्हीच ठरवा. हे सगळं सहन कोण करतं, तर एटीएम कार्डाएवढा जाड पत्रा, आणि त्यालाही बरोबर त्याच जागी एक खाच आणि दोन बोल्टची भोकं पाडलेली.

पत्रा एका झटक्यात फाटत नाही हे लक्षात घ्या. तार हातात घेऊन पुढेमागे वाकवत राहिलं की ती तुटते, तसंच हे. प्रत्येक वेळी दार उघडलं की पत्रा केसभर बाहेर फुगतो, सोडला की परत जातो, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. चीर मात्र सपाट पत्र्याच्या मधोमध सुरू होत नाही, ती भोकाच्या कडेपासून किंवा खाचेच्या कोपऱ्यापासूनच निघते. कारण पत्र्यातून जाणारा ताण भोकाला वळसा घालून जातो आणि कडेला गर्दी होते. साध्या गोल भोकाच्या कडेला ताण सपाट पत्र्याच्या तिप्पट असतो, आणि कोपरा जितका टोकदार तितका आणखी जास्त. हे गणित इंग्लिस नावाच्या इंजिनिअरने १९१३ मध्येच मांडलं होतं. तरी १९५४ मध्ये कॉमेट नावाची प्रवासी जेट विमानं हवेत फुटली, मग तपास करणाऱ्यांनी अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवलं आणि केबिनमधला दाब कमीजास्त करत बसले, तर शेवटी पत्रा फाटला तो एका खिडकीच्या कोपऱ्यातून. आपलं दार काही आकाशात उडत नाही, पण पत्र्याचा स्वभाव तोच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की चीर हा मूळ आजार नाहीच. जोर फार थोड्या जागेवर येतोय हा आजार, आणि चीर हे त्याचं दिसणारं लक्षण. नुसती चीर बुजवली आणि जोर होता तसाच ठेवला तर पत्रा शेजारून फाटतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. पहिल्यांदा मी हेच केलं होतं, चिरेवर वेल्डिंग मारलं, ग्राइंडरने असं गुळगुळीत केलं की बोट फिरवलं तरी कळू नये, वर रंग मारला आणि स्वतःवर खूश झालो. काही महिन्यांतच पुन्हा कट्ट. खोलून बघतो तर वेल्डिंग जसंच्या तसं, आणि त्याच्या कडेला लागून, अगदी समांतर, नवीन चीर. वेल्डिंगची रेघ कडक झाली होती, तिच्या बाजूचा पत्रा उष्णतेने बदललेला, त्यात मी गुळगुळीत करायच्या नादात ग्राइंडरने तिथलाच पत्रा आणखी पातळ करून ठेवलेला. मग फाटणार कुठून, तिथूनच ना.

बरं, चीर आहे की नाही हे कसं बघायचं. दार अर्धं उघडा, एकाला दार हळूहळू पूर्ण उघडून आणखी थोडं ढकलायला सांगा आणि तुम्ही टॉर्च घेऊन स्टॉपरच्या खाचेजवळ डोळा लावा. पत्रा बाहेर फुगताना दिसला, किंवा खाचेच्या कोपऱ्यातून रंगावर गंजाची बारीक तपकिरी रेघ गेलेली दिसली, तर समजायचं. बरेचदा रंगाचा तडा दिसतो तो एक सेंटीमीटर, आणि रंग खरवडल्यावर पत्र्यातली चीर निघते तीन सेंटीमीटर.

आता खोलणं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, दारात एअरबॅग असेल तर त्यानंतर थोडा वेळ थांबायचं, गाडीच्या मॅन्युअलमध्ये किती ते दिलेलं असतं. काच मात्र वायर काढायच्या आधीच पूर्ण वर करून टेपने अडकवून ठेवायची. दाराचं कव्हर काढलं की मागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो फाडू नका, ब्लेडने डिंक कापत सोडवा, कारण तो कागद नसेल तर पावसाचं पाणी गाडीत येतं. स्टॉपर काढायचा म्हणजे खांबाकडची पिन किंवा बोल्ट काढायचा, मग दाराच्या कडेचे दोन बोल्ट, बहुतेक दहाच्या पान्याने निघतात, आणि डबी आत हाताने धरून स्पीकरच्या भोकातून बाहेर. हात कापतो तिथे, पत्र्याच्या कडा धारदार असतात, हातमोजे घाला.

यानंतर जे आहे ते म्हणजे सफाई, आणि कंटाळवाणी असली तरी अर्धं काम तेच आहे. चिरेच्या चारही बाजूंना निदान दोन-अडीच सेंटीमीटर, आतून आणि बाहेरून, रंग, गंज, सीलंट, मेण सगळं काढून पत्रा चकचकीत करायचा. पत्र्यावर जस्ताचा थर असेल तर तोही. जस्त तापलं की पांढरा धूर निघतो, तो फुफ्फुसात गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, म्हणून हवा खेळती ठेवा आणि मास्क लावा. दाराच्या आत आवाज दाबायला डांबरी पॅड चिकटवलेले असतात, वेल्डिंगच्या जवळचे तेवढे खरवडून काढा, ते धुमसत राहतात आणि आपण चहा प्यायला गेलो की पेट घेतात.

पत्रा बाहेर फुगलेला असेल तर आधी तो जागेवर आणायचा. मागे जाड लोखंडाचा तुकडा धरायचा आणि पुढून छोट्या हातोडीने टकटक, हळूहळू. एकदम जोरात मारलं तर पत्रा ताणला जातो आणि मग डबा दाबल्यासारखा आतबाहेर टकटक करत राहतो.

मग चिरेचं टोक शोधायचं. डोळ्याला जिथे संपल्यासारखी वाटते तिथे ती संपलेली नसते, दोन-तीन मिलीमीटर पुढे गेलेली असते. क्रॅक शोधायचा लाल रंगाचा स्प्रे मिळतो, तो मारून पुसायचा आणि वर पांढरा पावडरचा स्प्रे मारायचा, चिरेत मुरलेला लाल रंग वर झिरपतो आणि रेघ स्पष्ट दिसते. ते नसेल तर बारीक पॉलिशपेपर मारून भिंग घेऊन बघा. त्या टोकाच्या किंचित पुढे ३ मिमीचं भोक पाडायचं आणि भोकाची कड कानशीने किंवा मोठ्या ड्रिलने हलकेच मोडायची.

इथे कुणीही विचारेल की आत्ता तर म्हणालात भोकापासून चीर निघते, मग भोक कशाला? चिरेचं टोक म्हणजे सुईपेक्षाही टोकदार, तिथे ताण इतका एकवटतो की चीर पुढे जातच राहते. त्याजागी गोल भोक केलं की तिप्पटीवर थांबतं, आणि सुईच्या टोकाच्या मानाने तिप्पट म्हणजे काहीच नाही. पुलांच्या गर्डरवर, विमानांच्या पत्र्यावर हेच करतात. पण ही चिरेला थोपवून धरायची युक्ती आहे, दुरुस्ती नाही. भोक पाडून वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारला तर तो नुसता मेकअप. लांबीला ताण सहन करायची ताकद नसतेच, ती खळगे भरायला असते.

वेल्डिंगचं म्हणाल तर इतक्या पातळ पत्र्याला मिग किंवा टिग, म्हणजे हवा लागू नये म्हणून गॅसचा झोत सोडत विजेने करायचं वेल्डिंग. साध्या रॉडच्या वेल्डिंगने पत्र्याला भोक पडतं, आणि गॅसच्या ज्वाळेच्या वेल्डिंगने सगळा पत्रा वाकडातिकडा होतो. मिगला ०.६ मिमीची तार, आरगॉन आणि कार्बन डायऑक्साइड मिसळलेला गॅस, आणि आधी तेवढ्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर सेटिंग जुळवून घ्या, थेट दारावर प्रयोग नको. सलग रेघ ओढायची नाही. एक टाका, सेकंदभराचा, मग दुसरीकडे टाका, मग थांबायचं, हात जवळ नेला की चटका बसू नये इतपत गार होऊ द्यायचं, मग मधल्या जागा भरायच्या. मागून तांब्याचा तुकडा धरला तर फारच छान, तांबं उष्णता ओढून घेतं, त्याला वेल्डिंग चिकटत नाही आणि पत्र्याला भोक पडत नाही. आणि अर्थिंगचा चिमटा दारालाच लावा, वेल्डिंगच्या शक्य तितक्या जवळ. गाडीच्या बॉडीला लावला तर सगळा करंट बिजागरीतून फिरून जातो आणि बिजागरीची पिन नि बुश आतून खराब होतात. काचेवर ओलं जाड कापड टाका, ठिणग्या काचेत रुतून बसतात आणि ते ठिपके जन्मात निघत नाहीत.

चीर जोडून झाली. आता खरं काम, प्लेट.

प्लेट कुठल्या बाजूला लावायची यावरून दहापैकी आठ जण चुकतात, कारण हात बाहेरून पोचतो म्हणून प्लेटही बाहेरून लावतात. जरा विचार करा, दार पूर्ण उघडलं की पट्टीची गुठळी डबीला ओढते, डबी पत्र्याच्या आतल्या बाजूला आहे, म्हणजे ती पत्र्याला आतून बाहेर ढकलते. प्लेट जर आतून, डबी आणि पत्रा यांच्यामध्ये बसवली, तर प्रत्येक झटक्याला ती पत्र्यावर आणखी घट्ट दाबली जाते आणि तोच जोर प्लेटच्या सगळ्या पसाऱ्यावर वाटला जातो. वेल्डिंग थोडं कच्चं राहिलं तरी प्लेट जाणार कुठे, तिला बाहेर पडायला जागाच नाही. बाहेरून लावली तर सगळा जोर दोन बोल्टवर आणि वेल्डिंगच्या टाक्यांवर, प्लेट उचकटायला बघते. त्यामुळे आतून लावलेली ओबडधोबड प्लेट बाहेरून लावलेल्या देखण्या प्लेटपेक्षा बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी पुठ्ठ्याचा साचा कापून आत सरकवून बघा. प्लेट साधारण १.२ ते १.५ मिमीची, साधं माइल्ड स्टील. जास्त जाड म्हणजे जास्त मजबूत असं वाटतं पण ३ मिमीचा तुकडा ०.८ च्या पत्र्याला जोडताना तुकडा तापेपर्यंत पत्रा वितळून जातो, आणि इतकी ताठ प्लेट स्वतः काहीच वाकत नाही म्हणून सगळी वाकावाकी तिच्या कडेला येऊन जमते, पुढची चीर तिथे. प्लेट चिरेच्या पलीकडे निदान अडीच-तीन सेंटीमीटर जायला हवी, आणि जमलं तर जिथे दाराची पुढची कड वळून आतल्या पत्र्याला मिळते तो कोपरा पकडून एल आकारात वळवायची. पत्र्याची घडी ही मुळातच ताठ असते, जोर तिथपर्यंत पोचवला की निम्मं काम घडीच करते. प्लेटचे चारही कोपरे गोल करा, चौकोनी कोपरा म्हणजे पुन्हा कॉमेटची खिडकी.

बसवायची कशी, तर स्टॉपरच्याच दोन बोल्टनी. प्लेटला बोल्टची भोकं आणि पट्टीची खाच आधी पाडून घ्या, खाचेच्या कडा कानशीने गोल करा, मग प्लेट आत सरकवून तात्पुरते नट-बोल्ट आणि मोठे वायसर लावून घट्ट आवळा, पत्रा आणि प्लेट यांच्यात फट राहता कामा नये. आत मिगचं वेल्डिंगचं हँडल घालायला जागा नसते, म्हणून दाराच्या पत्र्याला, चिरेपासून आणि बोल्टपासून लांब, प्लेटच्या कडेच्या आतल्या बाजूला ६ ते ८ मिमीची भोकं आधीच पाडून ठेवायची आणि बाहेरून त्या भोकांतून वेल्डिंग भरायचं. तार भोकाच्या मध्यावर, म्हणजे मागच्या जाड प्लेटवर टेकवायची, तिथे वितळू द्यायचं आणि मग गोल फिरत पातळ कडेला आणायचं. उलटं केलं, कडेपासून सुरुवात केली, की भोक मोठं होत जातं आणि आपण शिव्या घालत जातो. असे सहा-आठ ठिपके पुरतात, प्लेटची अख्खी कड सलग जोडू नका.

वेल्डिंगची सोयच नसेल तर? चीर लहान असेल, पत्रा बाकी धडधाकट असेल तर दोन भागांचं पॅनल चिकटवायचं इपॉक्सी आणि तेच दोन बोल्ट, एवढ्यावरही आतली प्लेट छान टिकते, कारण वर सांगितलं तसं जोर प्लेटला पत्र्यावर दाबणारा आहे. हे इपॉक्सी घासटणाऱ्या जोराला खूप ताकदीचं असतं पण सोलून काढणाऱ्या जोराला कमजोर, म्हणून बाहेरच्या प्लेटला हा उपाय अजिबात नको. पत्रा घासून, थिनरने पुसून, बोट न लावता चिकटवायचं आणि डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ, सहसा अख्खा एक दिवस, दाराला हात लावायचा नाही. ॲल्युमिनियमचे रिबेट मात्र नकोत, मऊ असतात, सैल होतात आणि लोखंडाशी ओल मिळाली की दोघांचं जमत नाही, गंज धरतो.

काही ठिकाणी मात्र हात आखडता घ्यावा. बिजागरीच्या बोल्टभोवती चीर असेल आणि ती आतल्या जाड जोडपत्र्यातही गेली असेल, किंवा स्क्रूड्रायव्हर टोचला की गंजलेला पत्रा आत जात असेल, तर त्याला जोडत बसण्यात अर्थ नाही, जुन्या बाजारातलं चांगलं दार शोधा. आणि दाराच्या पोटात आडवा पाइप किंवा पन्हाळीसारखी पट्टी दिसेल, बाजूने धडक बसली तर माणसाला वाचवायला ती असते, तिच्यावर वेल्डिंग करू नका, तिला तापवू पण नका. बऱ्याच गाड्यांत ती खास कडक केलेल्या पोलादाची असते आणि तापली की त्या जागी मऊ पडते.

काचेच्या यंत्रणेच्या बोल्टजवळही अशाच चिरा येतात, तिथे उपाय हाच, मागून गोल कोपऱ्याची प्लेट. फक्त तिथलं कारण वेगळं, काचेची रबरी पन्हाळ सुकून आवळलेली असते आणि मोटर बिचारी काचेऐवजी पत्राच ओढत असते. पन्हाळीत सिलिकॉन स्प्रे मारला आणि काच हाताने सरकायला लागली की मग पत्र्याकडे वळा.

गंजाचं काम उरकू नका, वेल्डिंगने दोन्ही बाजूंचा रंग जळालेला असतो आणि उघडा पत्रा ओलीत लगेच तांबूस व्हायला लागतो. प्लेट आणि पत्रा यांच्यामध्ये आधीच जस्ताचा वेल्डिंग प्रायमर मारलेला असावा, ठिपक्यांच्या जागा तेवढ्या खरवडून. वर इपॉक्सी प्रायमर, कडेला सीलंट, मग रंग, आणि सगळं वाळल्यावर आतून पातळ मेणाचा फवारा, जो फटींमध्ये झिरपतो. दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं मेणाने बुजली नाहीत ना ते तार घालून बघा.

आणि परत जोडण्याआधी हे सगळं कशामुळे झालं ते बघाच. दार अर्धं उघडून टोकाला धरून वर उचला, खडखड जाणवली तर बिजागरीची पिन किंवा बुश झिजलेत, दार खाली लटकतंय आणि स्टॉपर तिरका ओढला जातोय. स्टॉपरची डबी हातात घेऊन पट्टी सरकवा, कोरडी असेल, अडकत असेल तर साफ करून ग्रीस, रोलर झिजला असेल तर सरळ नवीन. जुन्या कोरड्या स्टॉपरवर नवीन प्लेट म्हणजे पायाला बँडेज आणि बुटात खडा तसाच.

बोल्ट प्लेटच्या जाडीएवढे आखूड पडतात कधीकधी, चार-पाच आटे तरी धरले पाहिजेत, नाहीतर थोडे लांब घ्या. डबी दीड मिलीमीटर आत सरकलेली असते, म्हणून काच एकदा वरखाली करून ती कुठे घासत नाही ना बघा, कव्हर लावायच्या आधी, नंतर नाही. मग चिरेच्या टोकाला जिथे ३ मिमीचं भोक होतं तिथे बारीक मार्करने एक आडवी रेघ मारून ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी दार उघडून टॉर्चने बघा, रेघेच्या पलीकडे रंगाला काही केसासारखं गेलंय का.